पिंप, नळ आणि गॅरेजमधला जुना फ्रीज

अमेरिकेत स्वयंपाकघर नवं केलं की जुना फ्रीज घराबाहेर जात नाही, गॅरेजमध्ये जातो. तिथं सोड्याचे कॅन, पार्टीतून उरलेले ट्रे आणि दुधाचे जादा गॅलन सांभाळत तो आणखी दहा-पंधरा वर्षं काढतो. साधारण तीनातल्या एका अमेरिकी घरात असा दुसरा फ्रीज आहे. इथल्या मराठी घरांत तर हमखास. चालू स्थितीतली वस्तू टाकून देणं आपल्या जिवावर येतं. मग घरी बिअर बनवायला शिकलेला कुणीतरी एखाद्या शनिवारी त्या फ्रीजसमोर उभा राहतो आणि विचारतो, ‘सहा-सातशे डॉलर घालून केगरेटर कशाला आणायचा? यालाच दोन भोकं पाडली तर?’

डेट्रॉइटच्या उपनगरांत राहायला आल्यापासून हा प्रश्न मी अनेक गॅरेजांत आणि तळघरांत ऐकत आलो आहे. आयता केगरेटर दिवाणखान्यात दिमाखात ठेवणारे पाहिले, जुन्या फ्रीजच्या दाराला चार-चार नळ बसवणारेही पाहिले. फ्रीज दुरुस्त करणाऱ्यांशी आणि बिअरचं सामान विकणाऱ्या दुकानदारांशी बोललो. त्या सगळ्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. बहुतेक जण हिशेबाला किमतीपासून बसतात आणि तिथंच फसतात. आधी पाहायचं ते पिंप कोणतं, ते ठेवायचं कुठं आणि तो फ्रीज किती वर्षांचा. या तिन्हींची उत्तरं मिळाली की पैशाचं कोडं जवळजवळ आपोआप सुटतं.

केगरेटर म्हणजे बिअरचं पिंप थंड ठेवणारा फ्रीज. आत स्टीलचं पिंप, त्याच्या शेजारी किंवा फ्रीजच्या पाठीमागे कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, सिलिंडरवर दाब कमी करणारा रेग्युलेटर, तिथून पिंपात जाणारी गॅसची नळी आणि पिंपातून नळापर्यंत येणारी बिअरची नळी. गॅस बिअरला वर ढकलतो आणि तिच्यातला बुडबुडा टिकवूनही धरतो. बाटल्या धुणं, भरणं, बुचं लावणं आणि पुढं दोन-तीन आठवडे वाट पाहणं हे सगळं वाचतं. पाच गॅलनची एक खेप बाटल्यांत भरायची तर पन्नासच्या वर बाटल्या लागतात. ज्यानं त्या एकदा धुतल्या आहेत त्याला पिंपाचं मोल सांगावं लागत नाही.

घरी बिअर बनवायचा हा छंद इथं कायदेशीर होऊन अजून पन्नास वर्षंही झालेली नाहीत. १९२० साली देशभर दारूबंदी आली, डिसेंबर १९३३मध्ये उठली. उठल्यावर घरी वाइन करायला मोकळीक मिळाली, बिअर मात्र राहून गेली. ती चूक दुरुस्त व्हायला पंचेचाळीस वर्षं लागली. कॅलिफोर्नियाचे सेनेटर ॲलन क्रॅन्स्टन यांनी घरगुती बिअरची तरतूद ट्रक, बस आणि ट्रॅक्टरवरच्या अबकारी कराच्या एका विधेयकाला जोडून दिली. अध्यक्ष जिमी कार्टर यांनी १४ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यावर सही केली आणि १ फेब्रुवारी १९७९पासून कायदा लागू झाला. घरात एकच प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक असतील तर २००. विकायची मात्र नाही. तरीही राज्यांचे कायदे आपापल्या गतीनं बदलत राहिले. अलाबामा आणि मिसिसिपी ही शेवटची दोन राज्यं थेट २०१३ साली तयार झाली.

कायदा व्हायच्या आधीही लोक थांबले नव्हते. लॉस एंजेलिसचा ‘माल्टोज फाल्कन्स’ हा घरगुती बिअर करणाऱ्यांचा क्लब १९७४चा. केन ग्रॉसमन हा कॅलिफोर्नियातल्या चिको गावात बिअरच्या सामानाचं दुकान चालवणारा तरुण. त्यानं १९८० साली ‘सिएरा नेव्हाडा’ ही ब्रुअरी उभी केली ती मोडीत निघालेली डेअरीची भांडी जोडून. आज ती अमेरिकेतल्या मोठ्या खासगी ब्रुअऱ्यांपैकी एक आहे. म्हणजे हाताशी आहे त्यातून यंत्र उभं करणं हे या छंदाच्या मुळातच आहे. जुन्या फ्रीजला नळ लावणारा माणूस केवळ चार पैसे वाचवायला निघालेला नसतो. त्याला ते यंत्र आपल्या हातानं उभं करायचं असतं. ही हौस खरी आहे आणि हिशेबात तिला जागा द्यायला हवी.

पिंपाची गोष्टही अशीच मोडीतून आलेली. घरी बिअर करणारे बहुतेक जण पाच गॅलनचं, म्हणजे सुमारे १९ लिटरचं उंच, सडपातळ पिंप वापरतात. त्याला ‘कॉर्नी’ म्हणतात, कॉर्नेलियस कंपनीच्या नावावरून. ही पिंपं बिअरसाठी बनलीच नव्हती. सोडा फाउंटनवर पेप्सी-कोकचं सिरप पुरवायला ती होती. पेप्सीच्या पिंपांना ‘बॉल लॉक’ जोडणी, कोकच्या पिंपांना ‘पिन लॉक’. पुढं सिरप पुठ्ठ्याच्या खोक्यातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून यायला लागलं आणि हजारो स्टीलची पिंपं निकामी झाली. ती घरगुती बिअरवाल्यांनी उचलली. आता नवी कोरी कॉर्नीही मिळतात, पण जोडणीचे ते दोन प्रकार तसेच आहेत. दोन्ही प्रकार घरात मिसळले की दर वेळी जोडण्या बदलत बसावं लागतं. पहिलं पिंप घेतानाच एक प्रकार ठरवावा आणि त्यालाच चिकटून राहावं.

दुकानातून ब्रुअरीची तयार बिअर आणणाऱ्यांचं पिंप वेगळं. ‘हाफ बॅरल’ म्हणजे साडेपंधरा गॅलन, सुमारे ५९ लिटर, भरलेलं असताना वजन ७० किलोच्या वर. ‘सिक्स्थ बॅरल’ हे साधारण कॉर्नीइतकंच, साडेएकोणीस लिटरचं. या दोन्हींना ‘सँकी’ नावाची वेगळी जोडणी लागते. पहिला प्रश्न इथंच सुटतो. तुम्हाला हाफ बॅरल आणायचं असेल तर ते ७० किलोचं धूड उचलून चेस्ट फ्रीजरच्या तोंडातून आत सोडणं एकट्यादुकट्याचं काम नाही. आयत्या केगरेटरचं दार समोरून उघडतं, तळ भक्कम असतो आणि उंची-रुंदी त्या पिंपासाठीच बेतलेली असते. वर्षाकाठी चार-पाच मोठी पिंपं आणणाऱ्याला आयता केगरेटरच बरा. तिथं माझ्या मनात दुमत नाही.

घरी बिअर करणाऱ्याचं चित्र मात्र वेगळं आहे आणि तिथंच पैशाचा गैरसमज असतो. माणूस म्हणतो, ‘फ्रीज फुकट आहे, म्हणजे केगरेटर फुकटात झाला.’ तसं होत नाही. पेटी म्हणजे या सगळ्याचा एक भाग. रेग्युलेटर, पाच पौंडांचा सिलिंडर, दोन पिंपं, दोन स्टेनलेस स्टीलचे नळ, ते दारातून काढायच्या पोकळ दांड्या, नळ्या, क्लॅम्प आणि खाली सांडणारी बिअर झेलायचा ट्रे हे सगळं घ्यावंच लागतं. चांगल्या प्रतीचं घेतलं तर दोन नळांच्या फ्रीजला साडेतीनशे-चारशे डॉलर सहज लागतात. एका नळाचा साधा आयता केगरेटर पाचशे ते सातशेच्या घरात मिळतो आणि त्यात रेग्युलेटर, सिलिंडर, नळ, नळी हे सगळं असतं. फक्त तो बहुधा सँकी जोडणीसह येतो. कॉर्नी लावायचं तर जोडण्या वेगळ्या विकत घ्याव्या लागतात आणि दुसरा नळ हवा असेल तर किंमत आणखी वर जाते. भिंतीच्या कपाटात बसवायचे, मिलवॉकीच्या पर्लिकसारख्या कंपन्यांचे केगरेटर हजारो डॉलरच्या पुढेच सुरू होतात. तेव्हा फुकटच्या फ्रीजनं वाचतात ते दोन-तीनशे डॉलर. ती बचत खरी आहे, पण पुढं वीज ती गिळणार का, हे पाहावं लागतं.

त्यासाठी फ्रीजचं वय शोधायचं. आतल्या बाजूला, भाजीच्या ड्रॉवरजवळ किंवा वरच्या कोपऱ्यात एक पट्टी चिकटवलेली असते. तिच्यावर मॉडेल, सीरियल नंबर आणि आतला थंडावा देणारा वायू कोणता व किती ग्रॅम, हे छापलेलं असतं. ही पट्टी वाचल्याशिवाय ड्रिल हातात घेऊ नये.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचा सरासरी अमेरिकी फ्रीज वर्षाला सुमारे १८०० युनिट वीज खात असे. ऊर्जाबचतीसाठी आयुष्य वेचलेले भौतिकशास्त्रज्ञ आर्थर रोझेनफेल्ड आणि त्यांच्यासारखे इतर अनेक जण मागे लागले, कॅलिफोर्नियानं मानकं आणली, नंतर केंद्र सरकारनं १९९०, १९९३ आणि २००१ साली ती कडक केली. त्याचा परिणाम असा की १९९०च्या सुमाराचा फ्रीज वर्षाला नऊशेच्या आसपास युनिट खातो आणि २००१नंतरचा पाचशेच्या आसपास. सतरा सेंटला एक युनिट धरलं तर दोहोंत वर्षाला ६८ डॉलरचा फरक पडतो, दहा वर्षांत ६८० डॉलरचा. म्हणजे जुन्या फ्रीजनं आयत्या केगरेटरची किंमत विजेच्या बिलातून वसूल केली. कॅलिफोर्नियासारख्या महाग विजेच्या राज्यात हे आणखी लवकर होतं. शंका असेल तर ‘किल अ वॉट’ नावाचा छोटा मीटर प्लगमध्ये लावून फ्रीजचा दोन-तीन दिवसांचा खप पाहावा. बऱ्याच गावांत सार्वजनिक वाचनालय हा मीटर पुस्तकासारखा घरी नेऊ देतं.

विजेहून मोठी गोष्ट आतल्या वायूची. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या फ्रीजमध्ये आर-१२ असतो. ओझोनचा थर विरळ करणाऱ्या रसायनांच्या कुळातला हा वायू. शेरवुड रोलंड आणि मारिओ मोलिना यांनी १९७४ साली त्याचा धोका दाखवून दिला, १९८७ साली मॉन्ट्रियल करार झाला आणि अमेरिकेत त्याचं उत्पादन १९९५च्या अखेरीस थांबलं. त्या काळच्या फ्रीजच्या भिंतींतला फोमही तशाच वायूनं फुगवलेला असतो. ड्रिलचं पातं चुकून नळीत शिरलं तर तो वायू हवेत जाणार. शिवाय अमेरिकेत असा शीतक वायू जाणूनबुजून हवेत सोडणं कायद्यानं गुन्हा आहे. आजच्या नव्या फ्रीजमध्ये अनेकदा आयसोब्युटेन असतो. तो ओझोनला काही करत नाही, पण पेट घेतो. पट्टीवर ‘आर-६००ए’ दिसलं तर फ्रीजच्या भिंतींना आणि छताला हात लावायचा नाही. दारात वायूच्या नळ्या नसतात, तेवढं दार आपलं.

आणि त्या पन्नासच्या दशकातल्या गोल खांद्यांच्या, क्रोमच्या मुठीच्या फ्रीजबद्दल सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. केल्विनेटर, फ्रिजिडेअर अशा जुन्या कंपन्यांचे हे फ्रीज दिसतात देखणे आणि त्यांचे केगरेटर करायची फॅशन आहे. त्यांचं दार खटक्यानं बंद होतं आणि आतून उघडत नाही. अमेरिकेत लहान मुलं खेळताना अशा फ्रीजमध्ये लपली आणि गुदमरून गेली. एकदा नव्हे, वारंवार. म्हणून २ ऑगस्ट १९५६ रोजी आयझेनहॉवर यांच्या सहीनं कायदा झाला आणि ३० ऑक्टोबर १९५८नंतर बनलेल्या प्रत्येक घरगुती फ्रीजचं दार आतून ढकलून उघडता येणं सक्तीचं झालं. आज आपल्या फ्रीजच्या दाराला चुंबकाची रबरी पट्टी असते, ती या कायद्यामुळे रुळली. तुमच्या घरात किंवा शेजारी मुलं असतील आणि तुम्ही असा देखणा फ्रीज आणलाच असेल, तर त्याचा खटका काढून टाकल्याशिवाय तो जिन्यावरून खालीही नेऊ नका.

आता प्रत्यक्ष काम. वर फ्रीजर आणि खाली फ्रीज असा नेहमीचा, २००१नंतरचा फ्रीज सर्वांत सोपा. काचेचे खण आणि ड्रॉवर काढले की तळाला मागे कॉम्प्रेसरची पायरी दिसते. तिच्यासमोर जाड प्लायवूडचा तुकडा टाकून सपाटी करायची, कारण भरलेलं कॉर्नी २४-२५ किलोचं आणि फ्रीजचा प्लॅस्टिकचा तळ एवढ्या वजनासाठी केलेला नाही. दारातले बाटल्यांचे कप्पे काढायचे. नळाची उंची ठरवताना खाली पेला धरायला आणि ट्रे लावायला जागा उरेल हे पाहायचं. बाहेरून बारीक पातं आरपार काढायचं, मग पत्र्याला पायरीचं पातं आणि आतल्या प्लॅस्टिकला गोल करवत. भोक सुमारे पाऊण इंचाहून जरा मोठं, सात-अष्टमांश इंचाचं. इथं एक बारकावा अनेक जण विसरतात. दाराच्या पोटात मऊ फोम असतो आणि नट आवळला की तो दबतो. मग नळ डुगडुगतो आणि पत्र्याला पोचा येतो. त्यासाठी भोक पाइपाच्या मापानं रुंद करून दाराच्या जाडीइतका पीव्हीसी पाइपचा तुकडा त्यात घालावा आणि त्यातून दांडी काढावी. नट पाइपवर आवळला जातो, पत्र्यावर भार येत नाही. कडेला सिलिकॉन लावलं की झालं. शनिवारी सकाळी सुरू केलेलं हे काम जेवणवेळेपर्यंत संपतं.

कॉलेजातल्या पोरांच्या खोलीत असतो तसा छोटा फ्रीज हे अवघड प्रकरण आहे. त्याच्या दारात पिंपाला अडवणारे उंचवटे असतात, आणि वरच्या कप्प्यातली बर्फाची पत्र्याची पेटी ही स्वतःच गार वायूची नळी असते. पिंपाला जागा करायला ती हळूहळू खाली वाकवतात. ती तडकली की वायू निघून जातो आणि फ्रीज भंगारात. छतातून नळाचा खांब काढायचा असेल तर आत नळ्या कुठून गेल्यात हे कळायला हवं. त्यासाठी इथले लोक एक युक्ती करतात, ती मी शेजारी बसून पाहिली आहे. कॉर्नफ्लोअर रबिंग अल्कोहोलमध्ये कालवून पातळ पेस्ट करायची आणि फ्रीज चालू असताना छतावर ब्रशनं पसरायची. गॅरेजचं दार उघडं, जवळ ठिणगी नाही. पाच-सात मिनिटं काही दिसत नाही. मग ओल्या करड्या लेपातून एक पांढरी रेघ उमटते, वळते, दुसऱ्या काठाला जाते. गरम नळीवरचा लेप आधी वाळतो, म्हणून नळीचा नकाशा तुमच्यासमोर हळूहळू काढला जातो. त्यानंतरही भोक फक्त वरच्या पत्र्यापुरतं पाडायचं आणि आतला फोम बोटांनी किंवा लाकडी काडीनं कोरत जायचं. ज्याला हा धीर नाही त्यानं या वाटेला जाऊ नये.

तिसरी एक वाट आहे आणि घरी नियमित बिअर करणाऱ्याला मी आज तीच सांगेन. आडवा चेस्ट फ्रीजर घ्यायचा, त्याचं झाकण काढायचं आणि फ्रीजर व झाकण यांच्यामध्ये सहा-आठ इंच उंचीची लाकडी चौकट बसवायची. नळ त्या चौकटीतून काढायचे. फ्रीजरच्या अंगाला एकही भोक नाही, म्हणून नळी फुटायची भीतीच नाही. बाहेरचा तापमान नियंत्रक लावला की तो गोठवायचं सोडून तीन-चार अंश सेल्सिअसला थांबतो. भिंती जाड आणि झाकण वर असल्यानं थंडावा आत बसून राहतो. वीज कमी लागते आणि तीन-चार पिंपं मावतात. तोटे दोन. भरलेलं पिंप कमरेइतक्या उंचीवरून आत उतरवावं लागतं आणि तळाला पाणी साचतं. आत हवा फिरवायला छोटा पंखा आणि ओल शोषणारी पुडी ठेवावी लागते. पाठीचं दुखणं असलेल्या माणसाला मात्र मी चेस्ट फ्रीजर कधीच सुचवणार नाही.

फेसाबद्दल सगळेच तक्रार करतात, आणि इथं घरगुती केगरेटरच्या बाजूनं एक गोष्ट बोलायलाच हवी. आयत्या केगरेटरवर नळाचा उंच खांब असतो. तो दिसतो छान, पण फ्रीजच्या बाहेर, खोलीच्या उष्णतेत उभा असतो. पिंपातून तीन अंशांनी निघालेली बिअर त्या कोमट खांबात गेली की वायू सुटतो आणि पहिला पेला निम्मा फेसाचा येतो. त्यावर उपाय म्हणजे आतली गार हवा खांबात फुंकणारा छोटा पंखा. काही आयत्या केगरेटरमध्ये तो असतो, काहींत नसतो. विकत घेण्याआधी हे विचारावं. दारातून किंवा चौकटीतून काढलेल्या नळाची दांडी थेट गार हवेत असते, म्हणून हा त्रास तिथं बराच कमी. दुसरं कारण नळीची लांबी. पिंपात बारा पीएसआय (चौरस इंचाला बारा पौंड) दाब असेल आणि नळी जेमतेम तीन-चार फूट असेल तर बिअर नळातून उसळून येते. तीन-षोडशांश इंच आतला व्यास असलेली आठ-दहा फूट नळी लावली की दाब वाटेतच खर्ची पडतो आणि धार शांत येते. दुकानातून आणलेल्या केगरेटरमधली नळी बहुधा आखूड असते. पंधरा डॉलर खर्चून ती आधी बदलावी.

सिलिंडरबद्दल सर्वांत जास्त काळजी घ्यावी असं मला मनापासून वाटतं, कारण त्याचा धोका दिसत नाही. पाच पौंडांच्या सिलिंडरमध्ये सव्वादोन किलो कार्बन डायऑक्साइड असतो. तो सगळा सुटला तर साधारण सव्वा घनमीटर वायू होतो. दहा बाय बारा फुटांच्या, आठ फूट उंचीच्या बंद खोलीत तो समप्रमाणात पसरला तरी हवेत साडेचार टक्क्यांपर्यंत जातो, आणि चार टक्के ही जिवाला तत्काळ धोका मानलेली मर्यादा आहे. शिवाय हा वायू हवेपेक्षा दीडपट जड, तळाशी बसतो. तळघरात, जिथं खिडकी नाही आणि जिथं मुलं जमिनीवर झोपतात, तिथं केगरेटर ठेवू नये. ठेवायचाच असेल तर कार्बन डायऑक्साइडचा अलार्म लावावा. नेहमीचा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म यासाठी उपयोगाचा नाही. प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का पाहावं. रेग्युलेटरवरचा मोठा आकडा पाहून मात्र घाबरू नये. खोलीत ८५० पीएसआयच्या आसपास दाखवणारा काटा सिलिंडर फ्रीजमध्ये ठेवला की साडेपाचशेपर्यंत उतरतो, ती गळती नसते. आत द्रवरूप वायू आहे तोवर काटा हलत नाही आणि संपत आला की एकदम पडतो. आपल्या स्वयंपाकघरातल्या गॅसच्या टाकीसारखंच, किती उरला ते वजनावरूनच कळतं. दर पाच वर्षांनी सिलिंडरची दाबाची चाचणी करून घ्यावी लागते. त्याची तारीख मानेवर कोरलेली असते आणि ती उलटली असेल तर भरणारा दुकानदार परत पाठवतो.

गॅरेजच्या जागेचा विचारही आधी करावा. मिशिगनच्या जानेवारीत न तापवलेल्या गॅरेजमध्ये पारा शून्याच्या बराच खाली जातो. बिअर उणे दोन-तीन अंशांना गोठायला लागते. तिथं फ्रीजचं काम थंड करणं नसून गोठू न देणं असतं आणि साध्या फ्रीजला ते येत नाही. थंड आणि गरम असं दोन्ही सांभाळणारा नियंत्रक आणि आत छोटा हीटर लागतो. ॲरिझोनाच्या गॅरेजमध्ये याच्या उलट, उन्हाळ्यात जुना कॉम्प्रेसर दिवसरात्र धावत राहतो. दिवाणखान्यात किंवा बारच्या कपाटात बसवायचं असेल तर आयताच घ्यावा, पण समोरून हवा सोडणारा. मोकळ्या जागेसाठी बनवलेला केगरेटर कपाटात कोंडला की त्याला उष्णता बाहेर टाकता येत नाही आणि कॉम्प्रेसर लवकर जातो.

स्वच्छता आयत्या आणि घरगुती केगरेटरला सारखीच. दर दोन आठवड्यांनी नळ्या कॉस्टिक क्लीनरनं धुवाव्यात, दर तीन महिन्यांनी आम्लाच्या द्रावणानं, आणि नळीत खनिजांचा थर धरू देऊ नये. नळ घेताना पुढच्या बाजूला बंद होणारा स्टेनलेस स्टीलचा घ्यावा. जुन्या पद्धतीच्या नळात उरलेली बिअर वाळते, चिकट होते आणि मूठ अडकते.

घरात मुलं असतील तर नळाला कुलूप लावावं, तेही पहिल्याच दिवशी. अमेरिकेत दारूसाठी कायदेशीर किमान वय एकवीस आहे आणि फ्रीजच्या दाराबाहेर आलेला नळ मुलांच्या हाताच्या उंचीवर असतो. मोठ्यांबद्दलही एक सांगतो. बाटल्यांत पिताना रिकाम्या बाटल्या मोजता येतात. नळावरून किती गेली हे कुणाला कळत नाही, पिणाऱ्याला तर नाहीच. ज्याच्या घरात या बाबतीत आधीच काळजी आहे त्यानं केगरेटर आणू नये.

मला स्वतःला या यंत्राचा सर्वांत आवडणारा उपयोग दुसऱ्या नळावरचा आहे. एका पिंपात साधं पाणी घालून तीस पीएसआयच्या आसपास दाब दिला की घरचा सोडा तयार. फक्त त्याला बिअरहून बरीच लांब नळी लागते. त्यात आगळ आणि साखर घालून केलेला कोकम सोडा इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत मुलं दिवसभर पितात, आणि दारू न घेणाऱ्या आजी-आजोबांनाही नळाखाली पेला धरायची मजा येते. कोकम आंबट असल्यानं इथं स्टेनलेस स्टीलचेच नळ हवेत. क्रोमचा मुलामा असलेलं पितळ आंबटात झिजतं. मुळात सोड्यासाठी बनलेली ही पिंपं या कामाला उत्तम शोभतात.

महाराष्ट्रातल्या वाचकांनी एक लक्षात ठेवावं. १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय दारू तयार करणं हा आपल्याकडे गुन्हा आहे आणि त्यात घरची बिअरही येते. पुण्या-मुंबईतल्या मायक्रोब्रुअऱ्या परवाना घेऊन चालतात. अमेरिकेतल्या भावाच्या गॅरेजमधलं पाहून सातारा किंवा नाशिकच्या घरी बिअर आंबवायला ठेवू नये. कोकम सोड्याला मात्र कुणाची आडकाठी नाही.

तर निवाडा असा. ब्रुअरीची मोठी पिंपं आणणाऱ्यानं, किंवा केगरेटर घरातल्या माणसांच्या वावराच्या जागी ठेवणाऱ्यानं आयता घ्यावा, आणि घेताना खांबातला पंखा व हवेची वाट पाहून घ्यावी. घरी नियमित बिअर करणाऱ्यानं, पाठ धड असेल तर, नवा चेस्ट फ्रीजर आणि लाकडी चौकट करावी. २००१नंतरचा चालू फ्रीज घरात असेल आणि हातात ड्रिल धरायची सवय असेल तर त्याच्या दारातून खुशाल नळ काढावा. आणि गॅरेजमधला फ्रीज १९९३च्या आधीचा असेल तर त्याला भोक पाडू नका. वीज कंपनीला फोन करा. अनेक कंपन्या असा चालू फ्रीज घरून घेऊन जातात, त्यातला वायू नीट काढून घेतात आणि वर थोडे पैसेही देतात.